पाण्यात न पडता पोहण्याचा सराव
आभासी वास्तव, दूरचा संगणक आणि कामगारांचे प्रशिक्षण

'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' ही म्हण शिकण्या-शिकवण्याच्या प्रसंगी हमखास सांगितली जाते. परंतु काही पाणी असे असते, की त्यात प्रथमच पडणारा माणूस पुन्हा वर येत नाही. उच्च दाबाच्या वीजवाहिनीवर चढणारा तंत्रज्ञ, रासायनिक कारखान्यात वायुगळती होत असताना नेमकी झडप बंद करणारा कामगार, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी प्रथमच हाती उपकरण घेणारा निवासी डॉक्टर, ढगांत शिरलेला नवशिका वैमानिक... या मंडळींना चुकांतून शिकण्याची मुभा नसते. त्यांची चूक त्यांच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतते. मग त्यांनी शिकायचे तरी कसे? गेली सुमारे शंभर वर्षे तंत्रज्ञ या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत. 'आभासी वास्तव' म्हणजेच व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी हे त्या उत्तराचे आजचे रूप आहे. आता त्याला दूरवरच्या 'आभासी यंत्रा'ची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची जोड मिळू लागली आहे. हे दोन आभास एकत्र येतात तेव्हा नेमके काय घडते, त्यातून काय साधते आणि काय धोक्यात येते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ऑर्गनच्या भात्यातून विमान

या कथेचा आरंभ संगणकाच्या जन्माआधीचा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. लिंक यांना विमान चालवण्याची ओढ होती. पण त्याचे शिक्षण महागडे होते. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते आणि पंप वापरून त्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस एक छोटेखानी खोटे विमान तयार केले. ते जमिनीवरच असे, पण दांडा हलवताच डोलत असे, कलत असे. आरंभी या यंत्राकडे करमणुकीचे साधन म्हणूनच पाहिले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपाल वाहतुकीचे काम आले. खराब हवामानात केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचा सराव नसल्याने अनेक वैमानिक प्राणास मुकले. त्यानंतर हवाई दलाने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या लक्षावधी वैमानिकांनी याच निळ्या खोक्यात बसून आंधळ्या उड्डाणाचे धडे गिरवले.

पुढे खोके लहान होत गेले आणि अखेर डोक्यावर येऊन बसले. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी संगणकाने रेखाटलेले चित्र दोन्ही डोळ्यांपुढे दाखवणारे आणि मान वळवताच ते चित्र बदलणारे शिरोयंत्र तयार केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. १९८० च्या दशकात जॅरन लॅनिअर यांनी 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी' हा शब्द रूढ केला. डिसेंबर १९९३ मध्ये हबल दुर्बिणीच्या पहिल्या दुरुस्ती मोहिमेपूर्वी नासाने या तंत्राचा प्रशिक्षणासाठी उपयोग केला. मात्र तोवर ही चैन अंतराळ संस्था आणि लष्करालाच परवडणारी होती. २०१२ मध्ये पामर लकी यांच्या ऑक्युलस प्रकल्पाला लोकवर्गणीतून भांडवल मिळाले, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरला विकत घेतली आणि काही वर्षांतच हे उपकरण मोबाइल फोनच्या किमतीत दुकानात आले.

खरेच शिकता येते का?

नव्या तंत्राविषयीच्या कौतुकात हा मूळ प्रश्न बाजूला पडतो. त्याचे एक उत्तम उत्तर वैद्यक क्षेत्राने २००२ मध्ये दिले. येल विद्यापीठात १६ निवासी शल्यचिकित्सकांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचेच प्रशिक्षण मिळाले; दुसऱ्या गटाने त्याशिवाय संगणकीय आभासी यंत्रावर सराव केला. मग दोन्ही गटांनी दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली आणि तिचे चित्रण कोणता डॉक्टर कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी तपासले. सराव केलेल्या गटाने पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले. उलट सराव नसलेल्या गटाकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती भाजण्याची शक्यता पाचपट आढळली.

या प्रयोगातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, त्यात डोक्यावर चढवायचे उपकरण नव्हतेच. साधा संगणकाचा पडदा आणि हाताशी शस्त्रक्रियेच्या उपकरणांसारख्या मुठी, एवढाच सरंजाम होता. दुसरी अधिक महत्त्वाची. शिकाऊ डॉक्टरांनी ठरावीक तास भरले नव्हते. अनुभवी शल्यचिकित्सकांनी त्याच यंत्रावर जी पातळी गाठली होती, ती गाठेपर्यंत त्यांनी सराव केला. म्हणजेच श्रेय केवळ यंत्राचे नव्हे, त्यामागील शिस्तीचेही होते.

मोठ्या प्रमाणावरील वापराचे उदाहरण अमेरिकेतील वॉलमार्ट या दुकानसाखळीचे. २०१७ मध्ये तेथील प्रशिक्षण केंद्रांत हे तंत्र आले आणि २०१८ मध्ये कंपनीने आपल्या दुकानांना सुमारे १७ हजार शिरोयंत्रे पाठवण्याचे जाहीर केले. सणासुदीच्या विक्रीला लोटणारी गर्दी कशी हाताळावी, यापासून दुकानात बंदूकधारी शिरल्यास काय करावे, इथपर्यंतचे प्रसंग त्यात होते. ३ ऑगस्ट २०१९ रोजी टेक्सासमधील एल पासो येथील वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला. या प्रशिक्षणामुळे काही जीव वाचले, असे कंपनीचे तत्कालीन प्रमुख डग मॅकमिलन यांनी नंतर सांगितले. कंपनीप्रमुखाचे विधान हा शास्त्रीय पुरावा नव्हे. पण असा प्रसंग खऱ्याखुऱ्या दुकानात घडवून आणून सराव देणे शक्य नाही, हेही तितकेच खरे.

खर्चाचे गणितही मांडले गेले आहे. पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आभासी वास्तवातून शिकणाऱ्यांनी वर्गात बसणाऱ्यांच्या एक चतुर्थांश वेळात अभ्यासक्रम पूर्ण केला. मात्र हा अभ्यासक्रम बनवणे महाग असल्याने ३७५ शिकाऊ मिळाल्यावरच त्याचा दरडोई खर्च वर्गातील शिक्षणाच्या बरोबरीला आला. नेहमीच्या संगणकीय अभ्यासक्रमाशी बरोबरी साधायला १,९५० शिकाऊ लागले. अशा सल्ल्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीचेच हे आकडे आहेत, हे लक्षात घेऊन ते वाचावेत. पण त्यांतील बोध स्पष्ट आहे : वीस कामगारांच्या कारखान्याला हे प्रकरण स्वतःच्या बळावर परवडणारे नाही.

एका वाड्यातील अनेक बिऱ्हाडे

इथेच दूरच्या आभासी यंत्राचा प्रवेश होतो. डोक्यावरच्या उपकरणाला वजनाची आणि उष्णतेची मर्यादा असते. त्यात मोबाइल फोनच्या तोडीचा संगणक मावतो, त्याहून मोठा नाही. एखाद्या खोलीचे सोपे चित्र तो रंगवू शकतो; परंतु लाखो सुट्या भागांनी बनलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा किंवा विमानाच्या इंजिनाचा अभियांत्रिकी आराखडा त्याला झेपत नाही. त्यासाठी बलाढ्य चित्रप्रक्रियक असलेला संगणक लागतो. तो प्रत्येक शिकाऊमागे एक याप्रमाणे विकत घ्यायचा, तर खर्च हाताबाहेर जातो. शिवाय सराव संपल्यावर तो धूळ खात पडतो.

आभासी यंत्र ही कल्पना समजण्यासाठी जुन्या वाड्याचे उदाहरण उपयोगी पडेल. वाडा एक, पाया एक, विहीर एक. पण आत बिऱ्हाडे अनेक. प्रत्येकाचे दार वेगळे, चूल वेगळी. त्याचप्रमाणे एका मोठ्या संगणकाची शक्ती 'हायपरव्हायजर' नावाची आज्ञावली अनेक हिश्श्यांत वाटते आणि प्रत्येक हिस्सा आपण स्वतंत्र संगणकच आहोत असे वागतो. (फरक इतकाच, की शेजारच्या बिऱ्हाडातले भांडण इथे सहसा ऐकू येत नाही.) आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या महासंगणकांसाठी ही व्यवस्था बाजारात आणली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती नेहमीच्या संगणकांवर आणली. २००६ पासून अ‍ॅमेझॉन अशी बिऱ्हाडे तासाच्या भाड्याने देऊ लागली. पुढे चित्रप्रक्रियकाचेही असे वाटे पाडता येऊ लागले आणि दूरच्या यंत्रावर चित्र रंगवून ते शिकाऊच्या डोळ्यांपुढे पोचवण्याची वाट मोकळी झाली. एनव्हिडिया कंपनीने २०२० मध्ये आणलेली 'क्लाउडएक्सआर' ही प्रणाली याच कामासाठी आहे.

याचा व्यावहारिक लाभ तीन प्रकारचा. पहिला, भाडे वापरापुरतेच. दुसरा, आराखडा माहिती केंद्राबाहेर जात नाही. शिकाऊकडे पोचते ते केवळ चित्र. त्यामुळे शिरोयंत्र हरवले वा चोरीला गेले, तरी कारखान्याचे गुपित त्यासोबत जात नाही. तिसरा लाभ शिक्षकांना अधिक भावेल. आभासी यंत्राची एखाद्या क्षणाची संपूर्ण स्थिती जपून ठेवता येते. शिकाऊने बॉयलर फोडला, तर क्षणात सारे पूर्ववत करून त्याला त्याच जागी पुन्हा उभे करता येते. चुकण्याची अशी मोकळीक कोणताही खरा कारखाना देऊ शकत नाही.

वीस सहस्रांशांची शर्यत

हे सारे ऐकायला सोपे वाटले, तरी त्याची खरी परीक्षा वेळेशी आहे. शिकाऊ मान वळवतो. उपकरणातील संवेदक ती हालचाल टिपतात आणि दूरच्या यंत्राला कळवतात. ते यंत्र दोन्ही डोळ्यांसाठी दोन चित्रे रंगवते, ती आकसून लहान करते आणि परत पाठवते. उपकरण ती उलगडून पडद्यावर दाखवते. मान वळण्यापासून चित्र बदलण्यापर्यंतचा काळ सुमारे २० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत राहावा, असा या क्षेत्रातील संकेत आहे. तो लांबला की डोळे एक सांगतात आणि कानातील तोलेंद्रिय दुसरेच. परिणाम घाटातल्या एसटीत बसल्यासारखा : मळमळ, घेरी, डोकेदुखी.

चित्रे आकसणे का भाग आहे, हे साध्या गुणाकारातून कळते. २०२० मध्ये बाजारात आलेल्या क्वेस्ट २ या उपकरणात प्रत्येक डोळ्यासाठी १,८३२ गुणिले १,९२० बिंदूंचा पडदा आहे. दोन डोळे, प्रत्येक बिंदूसाठी रंगाचे २४ बिट आणि सेकंदाला ९० चित्रे, असा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १५ अब्ज बिट होतात. घरगुती वा कार्यालयीन बिनतारी जाळ्यातून इतका लोंढा जाणे अशक्य. म्हणून ते चित्र शंभरपट वा त्याहूनही अधिक दाबून पाठवले जाते. नजर जिथे रोखलेली असते तेवढाच भाग सुस्पष्ट ठेवायचा आणि कडेचा धूसर, अशीही युक्ती योजतात. कारण मानवी डोळा तरी दुसरे काय करतो?

राहिले अंतर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद खर्ची पडतो. मुंबईतील शिकाऊसाठी चित्र सिंगापूरला रंगवायचे ठरवले, तर सुमारे ३,९०० किलोमीटरच्या सरळ अंतरालाही जाता-येता ३९ मिलिसेकंद लागतील. समुद्रतळाची केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात अधिकच. हा निसर्गनियम आहे. पैसे ओतून तो बदलत नाही. त्यामुळे माहिती केंद्र जवळ असणे हाच उपाय. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली, त्याचे या संदर्भात महत्त्व आहे. चाकण वा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यासाठी हे अंतर आता एक-दोन मिलिसेकंदांचे उरले आहे.

उरलेला विलंब झाकण्यासाठी एक चतुराई वापरतात. दुरून आलेले चित्र दाखवण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी उपकरण मानेची ताजी स्थिती पाहते आणि चित्र तेवढे सरकवून घेते. त्यामुळे मान वळवल्याचा भास अखंड राहतो. परंतु ही चलाखी दूरच्या दृश्यापुरतीच चांगली वठते. हातातील पान्हा, अगदी जवळचा नट, वेगाने फिरणारा भाग यांच्या बाबतीत विलंब जाणवतोच. साहजिकच बोटांच्या नाजूक कौशल्यापेक्षा मार्ग शोधणे, क्रम लक्षात ठेवणे, धोका ओळखणे अशा शिक्षणाला हे तंत्र अधिक मानवते. आणि बहुतेकदा घोटाळा शेकडो किलोमीटरच्या काचतंतूत नव्हे, तर शेवटच्या दहा मीटरमध्ये होतो. एकाच खोलीत दहा शिकाऊ, डोक्यावर दहा उपकरणे आणि कोपऱ्यात एकच राउटर असला, की सारा आभास अडखळू लागतो.

भाड्याच्या घराची भीती

भाड्याच्या जागेत राहणाऱ्याला मालकाच्या लहरीची धास्ती असते, तशीच ती इथेही आहे. दूरवरून त्रिमितीय चित्रे पुरवणारी मायक्रोसॉफ्टची 'अ‍ॅझुअर रिमोट रेंडरिंग' ही सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. वॉलमार्टने ज्या जातीची शिरोयंत्रे घेतली होती, त्या ऑक्युलस गोची विक्री थांबवण्याचे फेसबुकने २०२० मध्ये, म्हणजे दोनच वर्षांनी जाहीर केले. कारखान्यातील लेथ तीस वर्षे चालतो. त्यावरचे शिक्षण देणारी व्यवस्था पाच वर्षेही टिकेल याची शाश्वती नसते. म्हणून अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या उपकरणाला जखडून न ठेवता 'ओपनएक्सआर'सारख्या खुल्या मानकांवर बेतणे शहाणपणाचे ठरते.

शिकवणारा की पाळत ठेवणारा?

याहून गंभीर प्रश्न शिकणाऱ्या माणसाचा आहे. चित्र दूरच्या यंत्रावर रंगवायचे, तर शिकाऊच्या मानेची आणि हातांची प्रत्येक हालचाल तिकडे पाठवावीच लागते. ही माहिती किती बोलकी असते, हे २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी दाखवले. एका आभासी खेळाच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंपैकी नेमका खेळाडू केवळ डोक्याच्या व हातांच्या हालचालींवरून त्यांनी ओळखून दाखवला. १०० सेकंदांच्या हालचाली मिळाल्या, की ९४ टक्क्यांहून अधिक वेळा ओळख अचूक ठरली. म्हणजे नाव वगळले तरी चाल बोलते.

अशी माहिती मालकाच्या हाती गेली, की सराव आणि परीक्षा यांतील सीमारेषा पुसट होते. २०१९ मध्ये वॉलमार्टने दुकानांतील मधल्या फळीच्या पदांसाठी कर्मचारी निवडताना आभासी वास्तवातील चाचणीचाही आधार घेतल्याचे प्रसिद्ध झाले होते. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. परंतु याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीशी संबंधित कारणांसाठी कर्मचाऱ्याच्या स्वतंत्र संमतीविना त्याची माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे. कर्मचारी हा 'नाही' म्हणण्याच्या स्थितीत क्वचितच असतो, हे ध्यानी घेता या वाटेवर लक्ष ठेवणे कामगार संघटनांचे कर्तव्यच ठरते.

यात तत्त्वाचा भाग आहेच. पण शिक्षणाचाही आहे. येलच्या शिकाऊ डॉक्टरांना यंत्रावर मनसोक्त चुकता आले, म्हणून ते शिकले. आपली प्रत्येक चूक नोंदली जाऊन बढतीच्या वेळी पुढे येणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो चुकणारच नाही, अर्थात काही नवे करूनही पाहणार नाही. मग ज्या मोकळिकीसाठी एवढा खटाटोप केला, तीच नाहीशी होते. सरावाच्या नोंदी किती दिवस ठेवणार, कोण पाहणार आणि कशासाठी वापरणार, हे आधीच लेखी ठरवून कामगाराला सांगणे हा म्हणूनच सौजन्याचा नव्हे, तर प्रशिक्षणाच्या यशाचा प्रश्न आहे.

काठावरून पाण्यात

आभासी वास्तवाला अजून वजन नाही, वास नाही, धग नाही. गळणाऱ्या वायूचा नाकाला झोंबणारा दर्प, हातमोज्यातून जाणवणारी झडपेची कंपने, चाळीस किलोचा भाग उचलताना पाठीला बसणारी ओढ, हे सारे खऱ्या यंत्रापाशीच शिकावे लागते. अनुभवी उस्तादाने खांद्यावर ठेवलेला हात तर कोणत्याही माहिती केंद्रातून पाठवता येत नाही. म्हणून काम घातक असेल, प्रसंग विरळा असेल किंवा खरे यंत्र बंद ठेवणे परवडत नसेल, तिथे हे तंत्र जरूर वापरावे. जे काम सुरक्षितपणे प्रत्यक्ष शिकवता येते, तिथे त्याचा सोस बाळगू नये. छोट्या उद्योगांनी एकत्र येऊन किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमार्फत असे अभ्यासक्रम सामायिक केले, तर खर्चाचे गणितही जुळू शकेल.

लिंक यांच्या निळ्या खोक्यातून बाहेर पडलेल्या वैमानिकालाही शेवटी आकाशात जावेच लागले. फरक एवढाच पडला, की ढगांत प्रथमच शिरताना त्याचे हात ती वाट आधी शेकडो वेळा चालून आलेले होते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आजही खरेच आहे. मात्र पाण्यात पडण्यापूर्वी हातपाय कसे मारावेत हे काठावर शिकून घेण्याची सोय झाली, तर बुडणाऱ्यांची संख्या खचित कमी होईल.